डावीकडची सीट

मल्लेश्वरम, बंगळूर
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चि. मुग्धा,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. काल गणपती गेले, घर ओकंबोकं झालंय, आणि उरलेले मोदक संपवायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. एडिंबरात थंडी पडू लागली असेल, लोकरीचे मोजे घालत जा.

दर रविवारी फोन असताना बाबांना पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं वाटेल तुला. फोनवर मी 'जेवलीस का' आणि 'हवा कशी आहे' यांच्या पुढे जात नाही, तिसऱ्या वाक्याला फोन आईकडे देतो. हातात पेन असलं की तसं पळता येत नाही. टपालाचा भरवसा नाही, म्हणून आई फोटो काढून आजच पाठवेल. म्हणजे ती वाचणारच. वाचू दे.

तर तुझी गाडी. आईला तू सांगितलंस, विकून टाका, उगाच जागा अडवते. त्याप्रमाणे गेल्या महिन्यात शंतनु नावाचा मुलगा बघायला आला. पुण्याचा, व्हाइटफील्डला आयटीत आहे. गाडीला दोन प्रदक्षिणा घालून म्हणाला, "काका, सर्व्हिस हिस्ट्री आहे का?"

मी माझी वही पुढे केली. ही वही तुला माहीत नाही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून देवपूजा झाली की मी खाली जाऊन तुझी गाडी पाच मिनिटं सुरू करून ठेवत होतो. कारखान्यातली सवय, त्यामुळे तारीख, वेळ, इंजिनाचा आवाज, सगळं टिपलेलं. पावणेसहाशे नोंदी. ताप होता तेव्हाही स्वेटर चढवून गेलो.

शंतनुनं पानं उलटली. "हे भारी आहे काका. पण गाडी चालवली कधी?"

"चालवायची कशाला? मुलीची आहे."

त्यानं चावी फिरवली तर नुसतं खर्र. चौथ्यांदा सुरू झाली ती खोकतच. मग त्यानं ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून लोण्यासारखा पिवळट लगदा. "हेड गॅस्केट गेलंय बहुतेक, इंजिन उघडावं लागेल. रिस्क आहे काका," असं म्हणून त्यानं निम्मा भाव सांगितला आणि गेला. मला त्याचा राग आला, मग गाडीचा आला, आणि आठ वर्षं जुनी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी घेणाऱ्या तुझा तर आलाच.

दुसऱ्या दिवशी मुनिराजूला बोलावलं, माझी स्कूटर बघतो तो मेकॅनिक. त्यानं वही वाचली नाही, लगदा बोटावर घेऊन हसला. हेड गॅस्केट शाबूत होतं. रोज पाच मिनिटं चाललेलं इंजिन कधी पुरतं तापतच नाही. आतली वाफ तेलात उतरून हा लगदा होतो, प्लगवर काजळी धरते, आणि सुरू करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं परत भरत नाही. "स्टार्ट माडबेडि सार, ओडिसि," म्हणाला. नुसती सुरू करू नका, पळवा.

चौतीस वर्षं विमानांची इंजिनं तपासली मी. मला हे कळत नव्हतं असं नाही गं. पण सकाळी तो आवाज झाला की पाच मिनिटं तू ऑफिसला निघाल्यासारखं वाटायचं. तुझी गाडी मी मायेनंच बिघडवली. आणि आपला रविवारचा फोनही पाच मिनिटांचाच असतो, हे मला त्याच दिवशी सुचलं.

पुढचं ऐक. बॅटरी, प्लग, तेल बदललं. कूलंटच्या वाटेवरचा प्लॅस्टिकचा एक जोड तडकला होता, तो दोष माझा नाही, वयाचा आहे. नवा मागवायचा तर म्हणे अडतीस हजार. मुनिराजूनं जे. सी. रोडवरची स्पेअर पार्टची दुकानं पालथी घालून नऊ हजारात आणला. डावीकडची काच आपोआप खाली पडायची, तीही बसवली. एकूण खर्च विचारू नकोस. माझी कवळी पुढच्या वर्षी होईल, सध्या मोदक चावावे लागत नाहीत.

मग मुनिराजू म्हणाला, तासभर न थांबता चालवून आणा. मी आईला म्हटलं, चल. तुमकूर रोडला लागल्यावर तिसऱ्या गिअरला गाडीनं जी उडी घेतली! आई म्हणाली, "अहो, हळू," आणि दोन मिनिटांनी, "थांबलात का? जाऊ द्या की." घरी आल्यावर तिला बाहेर निघता येईना. मी दोन्ही हात धरून ओढतोय आणि ती हसून हसून परत सीटमध्ये बसतेय. इतकं हसताना मी तिला तू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. दोन वर्षांपूर्वीच्या आयुधपूजेला तू गाडीला झेंडू बांधलास, चाकांखाली लिंबं ठेवलीस, कोहळा फोडलास, आणि डावीकडचं दार उघडून म्हणालीस, "बाबा, पहिले तुम्ही." सगळ्या बिल्डिंगसमोर मी म्हणालो, "चौघं बसत नाहीत ती घरची गाडी नव्हे," आणि पायी निघून गेलो. तू दार तसंच धरून उभी होतीस, असं आईनं नंतर सांगितलं.

चौघांचं निमित्त होतं. जन्मभर इंजिनं तपासलेल्या माणसाच्या मुलीनं जुनी गाडी घेतली आणि इंजिन बघायला बापाला नेलं नाही, हे मला लागलं होतं. नेलं असतंस तर मी नकोच म्हणालो असतो, म्हणूनच नेलं नाहीस. एवढं समजायला मला दोन वर्षं आणि एक बॅटरी लागली. चुकलं माझं, मुग्धा.

परवा शंतनुचा फोन आला. गाडी दुरुस्त झाल्याचं सांगितलं, तर आता पूर्ण भाव द्यायला तयार आहे. त्याची आई पितृपक्षात गाडी घेऊ देत नाही, म्हणून घटस्थापनेला न्यायला येतो म्हणाला. बावीस तारखेला. मी हो म्हटलेलं नाही. गाडी तुझी आहे, तू विका म्हणालीस तर किल्ली त्याच्या हातात देईन, तक्रार करणार नाही. पण आयुधपूजा एक ऑक्टोबरला आहे. रजा मिळत असेल तर ये.

आई म्हणते, ती वर गॅलरीतून बघेल, तिला पुन्हा त्या सीटमधून कोणी ओढायला नको. झेंडू आणि लिंबं मी आणून ठेवतो. दार तेवढं तू उघड.

तुझ्या डावीकडे बसायचा राहिलेला,
बाबा