अंगणातल्या पाट्या

कॅलोवे, टेक्सस
९ ऑक्टोबर १९८३

ती. लिडियाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि खसखशीचे गोड पाव, आपले कोलाचे, दोन्ही पोचले. नॉर्मा शेजारी वाटणार होती, त्याआधीच मी ते संपवले. तिची तक्रार आली तर लक्ष देऊ नकोस.

शुक्रवारी माझी शाळेची फुटबॉल टीम पुन्हा हरली. शनिवारी सकाळी पेपर घ्यायला बाहेर आलो, तर हिरवळीवर ‘घर विकणे आहे’ अशा चार पाट्या रोवलेल्या. इथली रीतच आहे ती. कोच हरायला लागला की गाव त्याच्या अंगणात पाट्या लावतं. काय समजायचं ते त्याने समजावं. माझ्या आधीचा कोच दोनच पाट्यांत पळाला म्हणे. मी चारही उपटून गॅरेजमध्ये ठेवल्या. लाकूड चांगलं आहे.

राग एकाच गोष्टीचा आहे. मला आणलं ते कॉलेजात नाव काढलेला क्वार्टरबॅक म्हणून, लांब लांब चेंडू फेकणारा म्हणून. आणि माझी पोरं चेंडू फेकतच नाहीत, पोटाशी धरून नुसती धडका मारत पळतात. न्हाव्याच्या दुकानात मी शिरलो की सगळे छताकडे बघतात. आज चर्चच्या पायऱ्यांवर गार्लंड स्टब्सने अडवलं. हा ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक, टीमच्या वर्गणी मंडळाचा अध्यक्ष, आणि माझा आताचा क्वार्टरबॅक डेल याचा बाप. सगळ्यांदेखत म्हणाला, की तुला फेकता येत होतं ते माझ्या पोराला का शिकवत नाहीस, जळतोस की काय त्याच्यावर? मी म्हटलं, ट्रॅक्टर तुझे, टीम माझी. ज्याने त्याने आपापलं बघावं.

तेव्हा यंदा हेच चालणार. का, ते विचारू नकोस. बाबांना पाट्यांचं कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, मला ओरडताना तो आटू देऊ नकोस.

तुझा,
एमिल


मोरावा कॉर्नर, टेक्सस
१६ ऑक्टोबर १९८३

चि. एमिलला,
अनेक आशीर्वाद.

विचारू नकोस म्हणालास, म्हणून विचारते. हा काय हटवादीपणा आहे? गावाला चेंडू फेकलेला बघायचा आहे, तर फेका ना बाबा! त्यांच्या पैशाने खेळता, त्यांच्या पोरांना घेऊन खेळता.

मला भलतीच शंका येते आहे, ती बोलून टाकते. तुझ्या त्या कॉलेजच्या कोचने खांद्यात वेदना मारणाऱ्या सुया टोचून टोचून तुला खेळवलं. आज तुला वरच्या फळीवरची बशी काढता येत नाही. दर नाताळात मी काढून देते, तू काहीतरी विनोद करतोस आणि मी मागे वळून डोळे पुसते. त्याचा राग तू फेकण्यावरच तर काढत नाहीस ना? तुझा हात गेला म्हणून दुसऱ्याच्या पोराने हात बांधून खेळायचं, हे बरं नव्हे.

बाबांचे गुडघे तसेच. माझी लाल कोंबडी पुन्हा कारखाली अंडी घालू लागली आहे.

माझ्या बोलण्याचा राग धर, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
लिडिया


कॅलोवे
२४ ऑक्टोबर १९८३

ती. लिडियावन्संना,
सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र वाचून हे दोन दिवस अर्ध्या ताटावरून उठून गॅरेजमध्ये जाऊन बसले, म्हणून लिहावंच लागलं.

डेल खुंटीवरचं हेल्मेट उजव्याऐवजी डाव्या हाताने काढतो, हे यांनी सप्टेंबरातच हेरलं. हे स्वतः इतकी वर्षं तसंच करतात, यांना दिसणारच. मग डेलच्या आईला गाठून, दोघांना घेऊन हे दूरच्या शहरातल्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, खांद्याचा स्नायू फाटायला आला आहे. पळू दे, चेंडू दुसऱ्याच्या हातात देऊ दे, पण या हंगामात एकदाही फेकायचं नाही. फेकलं तर हात जन्माचा गेला.

परत येताना गाडीत पोरगा रडला. हे बाहेर फुटलं तर पुढच्या वर्षी एकही कॉलेज त्याला बघायला येणार नाही. आणि बापाला कळलं तर तो सुई टोचून उभा करेल, असं त्याची आईच म्हणाली. यांनी शब्द दिला. तेव्हापासून शिव्या खात गप्प आहेत.

मी मात्र गप्प बसणार नाही. शनिवारी आणखी पाट्या आल्या. मी लाल रंग काढला, प्रत्येक पाटीवरचं ‘आहे’ खोडून ‘नाही’ लिहिलं आणि होत्या तिथेच परत ठोकल्या. गॅरेजमधल्याही आणून लावल्या. आता रस्त्याने जाणाऱ्या गाड्या हळू होतात.

रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, त्यांना मात्र जपा.

तुमची,
नॉर्मा


मोरावा कॉर्नर
३० ऑक्टोबर १९८३

चि. एमिल,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्तच.

कोणी सांगितलं ते विचारू नकोस. न विचारण्याची पाळी आता तुझी. मी गेल्या पत्रात जे लिहिलं ते चुलीत घाल. मूर्ख मी आहे, आणि तूही आहेस, कारण बहिणीलाही सांगितलं नाहीस.

एकही चेंडू फेकू देऊ नकोस. गाव बोंबलू दे. हरलास तर हर, काढलं तर काढू दे. इथे कोंबड्या सांभाळायला माणूस हवाच आहे. बाबांना मी सगळं सांगितलं. त्या वेळी तुला ‘सुई घे आणि खेळ’ म्हणणाऱ्यांत तेही होते, तुला आठवत असेल.  ऐकून म्हणाले, की त्याला सांग, यंदा तो बापाहून शहाणा निघाला.

नॉर्मासाठी लाल रंगाचे दोन डबे पाठवते आहे. कमी पडले तर कळवा.

ताठ राहा, आणि माया तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


कॅलोवे
१३ नोव्हेंबर १९८३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काढलं. शुक्रवारचा सामना जिंकलो असतो तर पुढच्या फेरीत गेलो असतो आणि नोकरीही टिकली असती. शेवटच्या डावाला दोन गुणांनी मागे होतो. अख्खं स्टेडियम फेक फेक म्हणून ओरडत होतं. डेल माझ्यापाशी आला आणि म्हणाला, कोच, एकदाच फेकू द्या, एकाने काय होतं? ताई, मलाही एकदाच म्हणूनच सांगितलं होतं. मी नाही म्हटलं, पळण्याचाच डाव दिला. आमचा पोरगा गोलच्या रेषेच्या हातभर अलीकडे पडला.

काल शाळेच्या बोर्डाची सभा चहा निवायच्या आत संपली. इतिहास शिकवण्याची नोकरी उन्हाळ्यापर्यंत आहे, तेवढी त्यांना काढता आली नाही. काढलेला कोच नाताळाआधी गाव सोडतो, ही इथली दुसरी रीत. ती मी मोडणार. आम्ही कुठेही जात नाही. नॉर्मा म्हणते, एवढे डबे रंग आहे, तो वाया घालवायचा नाही.

बाबांना सांग, त्यांचा निरोप पाकिटात ठेवला आहे.

माझ्या हट्टावर आहे तसाच लोभ राहू दे.

तुझा,
एमिल


कॅलोवे
१० जून १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर नॉर्माने अर्धंच सांगितलं आणि तू तिकडे किंचाळलीस, म्हणून सगळं लिहितो.

एप्रिलमध्ये आम्ही समोरच्या हिरवळीतच टोमॅटो लावले, आणि रोपं त्या पाट्यांच्या खुंटांना बांधली. रस्त्यावरून दिसायचं ते असं, की झाड वाढतंय आणि त्याच्या डोक्यावर ‘घर विकणे नाही’. या पाट्यांची कीर्ती इतकी पसरली, की गावाला नवा कोच मिळेना.

मग शाळेचं वर्ष संपताना खेळाडूंची मेजवानी झाली. डेलला बक्षीस घ्यायला बोलावलं, तर त्याने माइक धरला. माझा खांदा फाटत होता, म्हणाला. कोचना ठाऊक होतं. मी विनवलं म्हणून ते गप्प राहिले. पाट्या लावायच्याच होत्या तर आमच्या अंगणात लावायच्या होत्या. गार्लंडच्या हातातला काटा हवेतच राहिला. डेलची आई उठून पोराशेजारी जाऊन उभी राहिली.

मंगळवारी गार्लंड बोर्डाच्या दोघांना घेऊन आला. नॉर्माने त्यांना मुद्दाम पुढच्या ओसरीवर बसवलं. एका पाटीवर गार्लंडचं स्वतःचं अक्षर होतं, त्याची नजर तिथून हलेना. म्हणाला, परत ये. मी म्हटलं, येतो. पण खेळायचं कुणी आणि कसं, ते डॉक्टर सांगेल आणि मी ऐकेन. तिसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. आणि टोमॅटो संपेपर्यंत एकही पाटी हलणार नाही. तो म्हणाला, निदान माझी तरी काढ. मी म्हटलं, तिच्यावरच तर सगळ्यात जास्त लागलेत. जाताना नॉर्माने त्याच्या हातात पिशवीभर दिले. त्याने ते घेतले.

आणि आज डेल जेवायला आला होता. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच त्याला मोकळं केलं आहे, पण माझा जीव कुठे थाऱ्यावर! टोमॅटो चिरून झाल्यावर मी त्याला सहज म्हणावं तसं म्हटलं, वरच्या फळीवरची मोठी बशी काढ रे. तो काहीतरी बोलत होता. बोलता बोलताच उजवा हात सरळ वर नेला, बशी काढली आणि माझ्या हातात दिली. मी तसाच उभा राहिलो. नॉर्माला वाटलं, बशी फुटली की काय.

ती बशी खालच्या फळीवर ठेवायची नाही, असं मी नॉर्माला बजावलं आहे. नाताळात तू येशील तेव्हा ती तुलाच काढायची आहे, आणि या वेळी मागे वळायचं नाही.

तुझा,
एमिल