अकरा शब्दांची वही

आदिलाबाद, रविवार, दिवेलागणीची वेळ

सकाळी नात विचारत होती, "आजी, मानसं दीडशे वर्षं जगू लागली तर कोनाले काही कराची घाईच राह्यनार नाही ना?" मी मोठ्या तोंडाने म्हटलं, "अवं, उलट किती शिकता येईल!" आणि दुपारी जंगूबाईकडे गेले.

उटनूरच्या दवाखान्यात मी नर्स, ती आया. सव्वीस वर्षं सोबत काढली. माझी मराठी तिने पहिल्याच पावसाळ्यात उचलली. तिची गोंडी मी वहीत लिहायला घेतली, अकरा शब्द झाले, आणि म्हटलं, "राहू दे बाई, रिटायर झाल्यावर शिकू." रिटायर होऊनही नऊ वर्षं झाली. काऊन गेले नाही मी? वेळ तर होताच. तेच तर. दीडशे वर्षं मिळाली असती, तर एकशेचाळिसाव्या वर्षी वही उघडली असती.

आज वही घेऊन गेले. "लकवा मारल्यापासून मराठी पार विसरल्या, गोंडीच बोलतात," एवढं सांगून तिची सून कापूस वेचायला निघून गेली. जंगूबाईने मला ओळखलं. हात धरून बोलत राहिली. मधेच हसली, मधेच रडली. मी आपली अकरापैकी एखादा शब्द येतो का, याची वाट बघत बसले. एकच आला. पाणी.

मी लगबगीने उठून पेला भरून दिला.

तिला पाणी नको होतं. तिने पेला बाजूला ठेवला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.