वरचा दोर

मंगळवार, ३ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डावा खुबा संपलाय. एक जोराची लाथ मारलीत की परत उभे राहणार नाही." म्हटलं, बाई, एकवीस वर्षं रिंगमधल्या ह्याच लाथेला सगळं उबोन शहर टाळ्या देतंय! त्या हसल्या नाहीत.

गुरुवार, ५ मार्च
माझी निरोपाची लढत अठ्ठावीसला. वस्ताद प्राचुआप सगळ्यांसमोर म्हणाले, "ताठ मानेनं उतर, दुसऱ्या दिवसापासून पोरांना तूच शिकव." नवव्या वर्षापासून ह्या तालमीत राहतोय. संसारही मागच्याच खोलीत. पण लंगड्याला कोण ठेवतं? तेव्हा खुब्याबद्दल – गप्प!

सोमवार, ९ मार्च
लाथेचं सोडा. रिंगमध्ये शिरायचं कसं? पुरुषानं वरच्या दोरावरूनच जायचं. दोराखालून डोकं गेलं की ताईत बाद, मंत्र बाद, अब्रू बाद. खालून जातात बायका. हे ठरवणाऱ्याचे खुबे नक्की शाबूत असणार.

शनिवार, १४ मार्च
दुपारी तालमीत कुणी नव्हतं. करून पाहिलं. पाय कमरेवर जाईना. हातांनी उचलून दोरावर टाकला – खाटकाकडच्या तंगडीसारखा – आणि तसाच अडकलो! तेवढ्यात बायको, लमदुआन, आली.
"अहो, वाळत घातलंय का स्वतःला?"
तंगडी तिनंच सोडवली. रात्री जेवताना भाताचा गोळा तिच्या हातातच राहिला. "सांगा ना वस्तादांना."
"आणि राहायचं कुठं? तुझ्या माहेरी, म्हशींजवळ?"
"म्हशी बऱ्या. त्या टाळ्या वाजवत नाहीत."

सोमवार, २३ मार्च
टीव्हीवाल्यानं विचारलं, "चॅम्पियन, मनात काय चाललंय?" म्हटलं, कृतज्ञता! मनात दोर.

शनिवार, २८ मार्च
झुंजीचे कोंबडे बरे करणाऱ्याकडून इंजेक्शन घेतलं. पाय दुसऱ्याच कुणाचा वाटतोय. बरंय, त्याचाच वापरू.

रविवार, २९ मार्च. हॉस्पिटल
पाय दोरापलीकडे गेला! वरून! कसा, बुद्धाला ठाऊक. गुरुवंदनेचा नाच केला. वस्तादांनी माझ्या डोक्यावरचं पवित्र कडं उतरवलं, मंत्र फुंकला. तिसऱ्या फेरीत लाथ मारली. समोरचं पोरगं पडलं. मीही पडलो. ते उठलं.

सोमवार, ३० मार्च
वस्ताद आले. संत्रं सोलत बसले. म्हणाले, नवा शिकवणारा एक तारखेला येतोय, मागची खोली त्याला लागेल. मग खाली बघत म्हणाले, "वरचा दोर लढतीच्या सकाळीच चार बोटं सैल केला होता मी."
म्हणजे माहीत होतं!
"मग थांबवलं का नाही?"
"तिकिटं संपली होती रे."
संत्रं हातात ठेवलं. गुरूनं दिलेलं – खाल्लं.