स्वतःच केलेल्या अकरा तक्रारी मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. सहायक अधिकारी,
मोकळ्या जागा व स्वच्छता विभाग,
खिडकी क्रमांक चार.

विषय : पाण्याच्या टाकीमागील जागेबाबत अर्जदाराच्या स्वतःच्या अकरा तक्रारी रद्द करून येत्या गुरुवारी येणारे यंत्र थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या तक्रारी, क्रमांक एक ते अकरा. २) "आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेतली आहे" असे कळवणारे आपले गेल्या सोमवारचे पत्र.

महोदय,

१. सदर अर्जदार विमा कचेरीच्या आवक-जावक विभागातून एकतीस वर्षांनी निवृत्त झाला. हाताला काम उरले नाही म्हणून तक्रारी करण्याचे काम त्याने स्वखुशीने अंगावर घेतले. इमारतीत त्याला 'अर्जकाका' म्हणतात व हे तो बरीच वर्षे मानाचे समजत होता. टाकीमागे गवत, फुटके सामान व डास आहेत, अशा अकरा तक्रारी त्याने चार वर्षांत दिल्या. अकरावीत "तेथे पुन्हा एक काडीही उगवणार नाही असा कायमचा बंदोबस्त व्हावा" असे वाक्य आहे. ते त्याला तेव्हा फार आवडले होते.

२. बारावी तक्रार लिहिण्यापूर्वी गवताची उंची मोजावी, म्हणून अर्जदार टेप घेऊन तेथे गेला. तिसऱ्या मजल्यावरची नर्स एका फुटक्या बाथटबमध्ये टोमॅटो लावत होती. परवानगी आहे काय, हे विचारण्यापूर्वीच तिने टेपचे एक टोक घेतले आणि "काका, घट्ट धरा, वाफे सरळ यायला हवेत" असे सांगितले. अर्जदाराने धरले. निवृत्तीनंतर त्याला कोणी काही धरायला सांगितले नव्हते.

३. आज तेथे अर्जदाराखेरीज तेवीस घरांचे तेवीस वाफे आहेत. ते पाहून लाँड्रीवाल्याने गच्चीवर आणि बेकरीवाल्या बाईंनी मागच्या अंगणात भाजी लावली आहे. अर्जदार याला चळवळ म्हणतो, नर्स नुसते भाजी म्हणते. चळवळीस अर्जदाराचे योगदान म्हणजे चौदा कलमांची नियमावली व पाणी घालण्यापूर्वी भरावयाचा छापील नमुना, जो अद्याप कोणी भरलेला नाही. तसेच त्याने दीड महिना ज्याला पालक समजून पाणी घातले, ते गवत निघाले. मात्र चार वांगी त्याच्या हातून खरोखर आली. ती द्यायला तो चार घरी गेला आणि चारही दारे उघडली. एरवी तो जिन्यात दिसला की लोक आतून कडी लावत.

४. आपले पत्र आले त्याच दिवशी जागेवर फलकही लागला : गुरुवारी अकरा वाजता यंत्राने सर्व उपटून वर काँक्रीट ओतण्यात येईल. कोणा नतद्रष्टाने तक्रार केली, हे शोधण्यासाठी रहिवाशांनी समिती नेमली. तक्रारींचा अनुभव दांडगा म्हणून अध्यक्षपदी एकमताने अर्जदारास बसवले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरे काय. त्याने दोन बैठका घेतल्या व दुसरीत, "काका, तुम्हाला काही माहीत आहे का?" असे नर्सने विचारल्यावर, दुसऱ्या मजल्यावरून सोडून गेलेल्या भाडेकरूवर संशयही व्यक्त केला. त्या गृहस्थांचा तो ऋणी व अपराधी आहे.

५. मधल्या काळात अर्जदार तक्रारी मागे घ्यायला खिडकी क्रमांक चारवर आला होता. आपल्या लिपिकांनी शांतपणे नववी तक्रार काढून पुढे ठेवली. तीत अर्जदाराच्याच अक्षरात लिहिले आहे : "ही तक्रार मागे घेण्याचा अर्ज पुढे कधी आल्यास तो दबावाखाली लिहिला आहे असे समजून त्याचा विचार करू नये." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लिपिकांचा दोष नाही, कागद अगदी जागच्या जागी होता. त्यांनी मार्ग एकच सांगितला : जागा वापरणाऱ्या सर्वांनी, आपण तक्रारदारावर दबाव आणलेला नाही, असे लिहून द्यावे. म्हणजे जे तेवीस घरांपासून लपवले, त्याच्यावरच तेवीस घरांच्या सह्या आणायच्या.

६. काल सकाळी अर्जदाराने वाफ्यांमध्ये उभे राहून अकराही तक्रारी मोठ्याने वाचल्या. तिसरीपर्यंत लाँड्रीवाला हसत होता. नववीला कोणीच हसले नाही. शेवटी पहिल्या मजल्यावरचा वेल्डर म्हणाला, "काका, लिहिता मात्र छान." अर्जदाराला मान वर करवेना. मग वेल्डरनेच कागद मागून घेतला व लिहिले : "आम्ही यांच्यावर दबाव आणलेला नाही. आम्हाला माहीतच नव्हते. यापुढे आणू." त्याखाली बावीस सह्या आहेत.

७. नर्सने सही केलेली नाही. समितीच्या बैठका तिच्याच घरी झाल्या होत्या व चहाही तिनेच केला होता. "मी विचारलं होतं तुम्हाला, तेव्हा तरी सांगायचंत," एवढेच बोलून ती ड्यूटीवर गेली. तेव्हा न सांगण्याचे कारण असे की, उघडलेली दारे पुन्हा लागतील याची अर्जदारास भीती वाटली. हे कारण कोणत्याही नियमात बसत नाही, याची त्यास कल्पना आहे. एक सही कमी असलेला अर्ज त्याने स्वतः सेवेत असताना समोरच्याचे तोंडही न पाहता परत केला असता. तरीही आपण हा घ्यावा व यंत्र थांबवावे, कारण अपराध अर्जदाराचा आहे आणि उपटले जाणार आहे ते दुसऱ्यांचे. न झालेल्या सहीबाबत अर्जदाराची काही तक्रार नाही.

आपला नम्र, आणि या खेपेस खराच,
(सही)
अर्जदार, तळमजला
दिनांक : सोमवार, कचेरी उघडताच

सोबत :
१) अकरा तक्रारींच्या पोच असलेल्या प्रती.
२) रहिवाशांचे प्रमाणपत्र, सह्या बावीस. तेविसावी ओळ आखून मोकळी ठेवली आहे.