ह्याला छळ म्हणत्यात व्हय?

ता. ४ फेब्रु. ७४, सोम.
शाळेतून आले तर धाकटी बहीण शांता ओसरीवर. हातात पिशवीसुद्धा नाही. विट्याहून एस.टी.नं एकटीच. नवरा कानपूरला सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानात, ही सासू-दिरापाशी. विचारलं, काय झालं गं? ओठ हलले, आवाज फुटेना. आई म्हणते दमली असंल. दमली कसली!

ता. ६, बुध.
आज बोलली. दसऱ्यापासून सगळ्या घरानं अबोला धरलाय. हिनं नवऱ्याला लिहिलं, मला तिकडं न्या. दिरानं ते पत्र फोडलं, तेव्हापासून. ताट पायानं सरकवायचं. सासू म्हशीला नावानं हाक मारते, हिला नाही. शेजारणींनाही ताकीद. चार महिने!
संक्रांतीला शांताच्या नावानं पत्र आलेलं, ‘सर्व खुशाल’. अक्षर दिराचं. माझ्या ध्यानात आलं नाही. मास्तरीण म्हणे!

ता. १०, रवि.
घरी बैठक. मधे तात्या, आमचे चुलते, पलटणीतून पेन्शनीत आलेले. काकूनं शांताला आत नेलं, पाठ, दंड बघितले. बाहेर येऊन, "अंग साफ हाय पोरीचं. वळ न्हाई, डाग न्हाई."
तात्या : "दोन टाइम जेवाय घालत्यात. ह्याला छळ म्हणत्यात व्हय?"
मी म्हटलं, "आवं तात्या, क्वार्टर गार्डाच्या कोठडीत तीन दिस एकट्याला कोंडलं तर भिंतीसंगं बोलाय लागलो, हे तुमीच सांगता न्हवं?"
पान थुंकून आले. "फौजेचं येगळं."
सासरी द्यायचा कागद माझ्याकडं. अक्षर चांगलं ना! तात्यांनी मजकूर सांगितला, ‘किरकोळ कुरबूर झाली, तरी नांदवावे.’ मी कुरबुरीच्या जागी छळ लिहिलं. आबा, सख्खा बाप, म्हणाले, खोड. नाही खोडलं. दौत कलंडली, कलंडू दे मेली. तात्यांनी दुसरा कागद लिहिला. शांताला कुणी विचारलंच नाही. वळ बघायला तेवढी हवी होती.

ता. ११, सोम.
रजा टाकली. नऊच्या गाडीनं शांताला परत विट्याला धाडायचं ठरलेलं. आईनं ट्रंक भरली, ओटीही भरली, डोळे पुसत. शांता उंबऱ्यात बसली ती उठेना.
आबा : "कुरबुरीपायी कुणी घर सोडतं का?"
"कुरबुरीला समोरचं माणूस बोलावं लागतंय, आबा. छळ हाय त्यो. मी न्हाई जायाची."
केवढ्यानं बोलली! गल्लीत ऐकू गेलं असेल. जाऊ दे.
साडेनऊ. गाडी गेली. ट्रंक दारात तशीच. आबा तेव्हापासून एक शब्द बोललेले नाहीत. शांता त्यांच्या तोंडाकडं बघत बसलीय.