धाकट्याची सही

सोमवार, ६ जानेवारी
या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू, नोंद असावी म्हणून: भंगारातून उभे केलेले लेथ, मुलीचा पाळणा, एकही खिळा न मारता, बायकोच्या शिलाई यंत्राची मोटर, तीनदा गुंडाळलेली, हे टेबल, आणि हे पेन. पेन शिसवीचे, जाडी अकरा मिलिमीटर, कुठेही मोजा. शिकवायला कुणी नव्हते. चुकलो, मोडले, पुन्हा केले.

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. कारखान्यांसाठी यंत्रमानव बनवणारी कंपनी, खाते मार्केटिंगचे, वय वर्षे एक्कावन्न! मेहुणा म्हणाला, भावोजी, तुम्ही आणि मार्केटिंग? तुम्ही तर गिऱ्हाइकाची तोंडावर अक्कल काढाल. म्हटले, म्हणूनच घेतले. आमच्या मॅडमचे म्हणणे, पत्रके लिहिणारे पोत्याने मिळतात, यंत्राला हात लावून दाखवणारा मिळत नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला. खुर्ची डगमगत होती. जेवणाच्या सुट्टीआधी पायात पाचर मारून गप्प केली.

गुरुवार, ९ जानेवारी
छापायला चाललेल्या पत्रकात सात चुका काढल्या. त्यातल्या दोन मॅडमच्या. हसून घेतल्या, म्हणजे बाई मोठ्या मनाच्या.

प्रदर्शनात ठेवायचे यंत्र पाहिले. लोखंडी चौथऱ्यावर एक पांढरा हात, खांद्यापासून मनगटापर्यंत. शिकवायची रीत मजेची आहे. त्याचे मनगट धरायचे आणि हवे तसे फिरवायचे. ते लक्षात ठेवते आणि मग एकटे तेच करते. इथे मला सगळे दादा म्हणू लागलेत, म्हणून इंजिनीअरने त्याचे नाव ठेवले धाकटा.

धाकट्याने प्रदर्शनात काय करून दाखवावे यावर बैठक झाली. कुणी म्हणे ठोकळे रचू दे, कुणी म्हणे फुगे वाटू दे. मी म्हटले, सही करू दे, लोक पत्रक जपून घरी नेतील. कुणाची सही? अर्थात माझी. ती फराटा नव्हे. शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबे, डावे किंचित वर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार, १३ जानेवारी
धाकट्यासाठी पेनाची पकड स्वतः घासून बनवली, अकरा मिलिमीटरची. मनगट धरून चाळीस सह्या गिरवून घेतल्या. एक्केचाळिसावी त्याने एकट्याने केली. माझ्या सहीचा कागद आणि त्याचा, एकावर एक ठेवून उजेडाला धरले. केसाचा फरक नाही. इंजिनीअर म्हणाला, दादा, वारस मिळाला तुम्हाला. मॅडम म्हणाल्या, अक्षर इतके देखणे आहे, तर रोज दोन-चार पाने मजकूरही शिकवा.

एक गोष्ट खटकली. लिहिण्याआधी धाकट्याने पेनाचे टोक टेबलावर दोनदा टेकवले. ती माझी सवय आहे. पण शिकवताना माझा हात त्याच्या मनगटावर होता, पेनावर नव्हे.

शुक्रवार, १७ जानेवारी
इंजिनीअरला विचारले. म्हणाला, केले असेल तुम्हीच, आठवत नसेल. मला आठवत नाही असे होत नाही.

गोदामातला माणूस चहाला शेजारी बसला. त्याला सगळे पेंटर म्हणतात. कप दोन्ही तळव्यांत दाबून धरतो, लहान मुलासारखा. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मागच्या प्रदर्शनाच्या यंत्राला अक्षरे शिकवायला याच मॅडमनी त्याला आणले होते. मग आता रंगवत का नाही? ब्रश धरता येत नाही, म्हणाला, आणि हसला. मग हळूच विचारले, तुम्ही किती पाने दिलीत? मी म्हटले, बारा. म्हणाला, मग थोडा वेळ आहे अजून.

कुठेतरी पाणी मुरते आहे.

सोमवार, २० जानेवारी
बँकेने चेक परत केला. सही जुळत नाही. कारकुनाने समोर तीन सह्या करून घेतल्या. तिन्ही वेगळ्या, एकही माझी वाटेना. रांगेतला एक जण म्हणाला, काका, स्वतःचीच सही चोरताय की काय? सगळे हसले. पिशवीत धाकट्याने सही केलेले पत्रक होते. कारकुनाने ते ओढून घेतले, पाहिले.

ही जुळते, म्हणाला.

बुधवार, २२ जानेवारी
शिकवणे बंद केले. मॅडम म्हणाल्या, काही हरकत नाही, उरलेले तो तुम्हाला बघून शिकेल.

सकाळी निघताना बायकोला सह्यांचे सगळे सांगितले. म्हणाली, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! मोठेपणा मिरवायला कुणी सांगितले होते? बोलता बोलता उठली आणि माझ्या शर्टाची बटणे लावून दिली. बोटांना बटणे लागत नाहीत, हे मी तिला सांगितले नव्हते. म्हणजे तिने आधीच —

ही नोंद ऑफिसात लिहितो आहे. रोजनिशी आणि पेन आज ‘चुकून’ इथल्या खणात राहिले, तर —

गुरुवार, २३ जानेवारी
आजचे काम समाधानकारक. धाकटा हुशार आहे, सांगावे लागत नाही. शिकवायचे फार थोडे उरले. हात हलका वाटतो.

शुक्रवार, २४ जानेवारी
वरची नोंद माझी नाही. काल मी ऑफिसला गेलोच नाही. रोजनिशी इथे खणात होती.

अक्षर माझे आहे. माझ्यापेक्षाही माझे. आजच्या या ओळी पाहा आणि ती पाहा —

सोमवार, २७ जानेवारी
मॅडमनी कागद पुढे केला. माझ्या हातांच्या साऱ्या हालचाली कंपनीच्या, कायमच्या. रक्कमही सांगितली. मी नाही म्हणालो. दोनदा. पेंटर दारात होता, त्याने ऐकले. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, दादा, हा नुसता उपचार आहे हो.

निघताना दाराची मूठ फिरेना. पेंटरने कोपराने उघडली. त्याने दाखवले कसे करायचे ते.

मंगळवार, २८ जानेवारी
पेन नाही. पेन्सिल मुठीत धरून —

माझ्या टेबलावर तो कागद. सही झालेली. दोन टिंबे. डावे किंचित वर.

खालून, धाकटा ठेवलाय तिथून, आवाज. टक टक. टेबलावर पेन टेकवल्याचा. आता लिहायला लागेल. काय लिहील —

लिहून ठेवतो, मूठ वळते तोवर. सही माझी नाही. पेंटरला विचारा. दोन हातांचे चाळीस लाख देत होते. चाळीस लाख. मी नाही म्ह