दोन माद्यांचं एक घरटं

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी माझं भांडण काही मिटत नाही. आज नातीनं विचारलं, "आजी, तू खरंच उंदीर सांभाळत होतीस?" आणि सगळं पुन्हा वर आलं.

आणीबाणीच्या आधीचे दिवस. तुमचे जावई वारले आणि त्यांच्या जागी इथं नागपुरात मला कॉलेजात लावून घेतलं, उंदरांच्या खोलीवर. पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रयोगाचे उंदीर. भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या, नर-मादी निवडून वेगळे ठेवायचे. शाळा माझी चौथीपर्यंतची. बाकीचं तिथंच पाहून पाहून शिकले. घरी माझा मुलगा, नवऱ्यानं टाकलेली नणंद आणि तिची तान्ही पोर. एक खोली, एक रॉकेलचा स्टोव्ह. मी कामावर असताना दोन्ही लेकरं तिच्याच अंगावर.

आणि तुम्ही सावनेरहून न्यायला आलात. मला आणि मुलाला. मी निघाले तर नणंद तिची पोर घेऊन कुठं जाईल, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाही.

अजून दिसता तुम्ही मला. नाकाला धोतराचा सोगा लावून त्या खोलीच्या दारात उभे आहात. तुमच्या घाईनं माझाही हात चुकतो. एका वेताचे दोन नर, पण मोठेपणी वेगळे ठेवलेले. पिंजरे धुताना मी त्यांना एकत्र सोडते. भाऊच ते, तरी क्षणात एकमेकांची पाठ आणि शेपटी फोडायला लागतात. मी एकाला उचलून बाहेर काढते.

"एवढ्याशा जीवात केवढा राग वं!" तुम्ही हसता.

मी शेजारचा पिंजरा पुढं ओढते. दोन माद्या, दोघींची पिल्लं एकाच घरट्यात. "पाहा बाबा. कोणतं कोणाचं, त्याही पाहत नाहीत. पुढ्यात येईल त्याले पाजतात."

तुमचं हसू गेलं. "नणंद-भावजयीचं असं नसते, पोरी. उंदराच्या भरवशावर संसार करून राहिली का तू?"

"तुमच्या भरवशावर केला होता ना, बाबा. तुमचा जावई मारते म्हणून मी सांगत आली, तवा काय म्हटलं तुमी? गड्याची जात आहे, चालतेच."

"मंग माहेराकडं पाहू नको," म्हणालात. तरी आणलेली तुरीची डाळ दाराशी ठेवून गेलात.

नाही पाहिलं मी. दोन्ही लेकरं त्या खोलीत वाढली. रडणाऱ्याला जी जवळ असेल ती उचलायची. आम्ही भांडलोही कडकडून. "वैनी, तुह्या वरणात डाळ शोधाले कंदील लागते," ती म्हणायची, आणि वाढून घ्यायची.

हा कागद टाकायला कुठली पेटी नाही, तर एक खरं लिहून टाकते. त्या दिवशी तुम्ही सावनेरला परतल्यावर काही दिवसांनी, गर्दी झालेल्या एका पिंजऱ्यात एका मादीनं दुसरीची पिल्लं मारून टाकली. मी ती भुशासकट उचलली, घरी काही बोलले नाही. तुम्ही त्या वेळी माझ्या शेजारी उभे असतात, बाबा, तरी मी तुमच्यासोबत आले नसते.